काचेची कसोटी

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकास आष्टी हे तालुक्याचे गाव आहे. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक, आणि व्यवहाराची ओढ जिल्ह्याच्या ठिकाणाइतकीच अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकडे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगरहून आष्टीपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या एस.टी.वर अवलंबून असलेल्या या भागाला रूळ दिसले. पुढे १७ सप्टेंबर २०२५ रोजी हाच मार्ग बीडपर्यंत जाऊन पोहोचला.

अशा गावाच्या बाजारपेठेतून सकाळच्या वेळी एक फेरी मारली, तर काचेच्या किती तरी तऱ्हा दृष्टीस पडतात. कापड दुकानाची दर्शनी काच, बँकेतील रोखपालाच्या समोरची काच, एस.टी.च्या चालकापुढील काच, सराफाच्या कपाटाची काच, घराच्या खिडकीचे तावदान. या सर्व काचा पारदर्शक, गुळगुळीत आणि पाहता क्षणी सारख्याच वाटणाऱ्या. परंतु त्यांच्यावर दगड पडला तर एकीचे सुरीसारखे धारदार तुकडे होतील, दुसरीचा साबुदाण्यासारखा चुरा होईल आणि तिसरी तडकूनही जागच्या जागी उभी राहील. कोणती काच कसे वागेल, हे तिच्याकडे पाहून सांगणे तज्ज्ञालाही कठीण असते.

सराफाजवळ सोने पारखण्याची कसोटी असते. काळ्या दगडावर सोने हलकेच घासावे, उमटलेल्या रेघेवर तेजाब लावावे, आणि कस सांगावा. दागिन्याचे फारसे काही बिघडत नाही. काचेचे तसे नाही. काचेचे बळ जाणावयाचे, तर ती फोडावीच लागते. ज्या काचेने परीक्षा दिली, ती पुन्हा विकता येत नाही; आणि जी विकली जाते, तिने परीक्षा दिलेली नसते. शितावरून भाताची परीक्षा, हाच तेथे न्याय. मग विकत घेणाऱ्याने विश्वास ठेवावयाचा तो कशावर? बंदुकीची गोळी अडविणारी काच आणि खिडकीवर चिकटविण्याचे सुरक्षा पटल यांच्या बाबतीत तर हा प्रश्न माणसाच्या जिवाशी येऊन भिडतो.

काच ठिसूळ का असते, हे आधी पाहिले पाहिजे. कंदिलाच्या काळात प्रत्येक घरी एक अनुभव येत असे. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला, की ती ताडकन तडके. थेंब पडलेला भाग एकाएकी आकसतो, भोवतालचा भाग आकसत नाही, आणि त्या ओढाताणीत काच दुभंगते. दाब सोसण्याच्या कामी काच मोठी चिवट आहे. तिचे वैर आहे ते ताणाशी. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक चिरा असतात. ताण पडताच एखादी चीर उघडते आणि विजेच्या वेगाने धावत सुटते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० साली या चिरांचे गणित मांडले, तेव्हा काचेचा हा स्वभाव जगाला नीट उमगला.

महाराष्ट्राला काचेचा धंदा नवा नाही. घरोघरीच्या एकेका पैशातून उभ्या राहिलेल्या पैसाफंडाने १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना काढला. पुढे १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि तेथला प्रभाकर कंदील खेडोपाडी पोहोचला. परंतु त्या काळी काच फुटू नये म्हणून जपावयाची, एवढेच लोकांना ठाऊक होते. फुटली तरी चालेल, पण घात करू नये, अशी काच बनविण्याची विद्या तेव्हा युरोपात नुकतीच आकार घेत होती.

ही विद्या दोन वाटांनी आली. पहिली वाट काचेलाच कणखर करण्याची. सतराव्या शतकात युरोपातील राजदरबारांत एक गंमत दाखवीत. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडला, की शेपटीवाला एक मणी तयार होई. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो फुटत नसे. परंतु बारीक शेपटी मोडताच सगळ्या मण्याचे पीठ होई. त्याला प्रिन्स रूपर्टचा थेंब असे नाव पडले. बाहेरचा थर आधी गोठतो, आतला मागाहून आकसतो, आणि बाहेरचा थर कायमचा दाबाखाली राहतो, हे त्याचे रहस्य. कडक काच, म्हणजे ज्याला व्यवहारात टफन्ड ग्लास म्हणतात, ती याच तत्त्वावर बनते. तावदान सहाशे अंशांहून अधिक तापवितात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडतात. अशी काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट बळकट होते, आणि फुटलीच तर तिचे बोथट कडांचे बारीक दाणे होतात. मात्र ती एकदा तयार झाली, की कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. बंदुकीच्या गोळीपुढे तर ती एकटी काहीच कामाची नाही, कारण एका जागी भेद झाला की संपूर्ण तावदान क्षणात ढासळते.

दुसरी वाट एका अपघातातून सापडली. १९०३ साली एदुआर बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून काचेचा एक चंबू खाली पडला. चंबूला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत. त्यात पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण होते. ते सुकून आतल्या बाजूस पातळ कातडी धरली होती आणि त्या कातडीने तुकडे जागच्या जागी धरून ठेवले होते. बेनेडिक्टसने दोन काचांच्या मध्ये असा थर घालून १९०९ साली त्याचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांना हीच काच बसविली गेली. पुढे मधल्या थरासाठी पॉलिव्हिनिल ब्युटिरल नावाचा अधिक चिवट पदार्थ आला. आज मोटारीच्या समोरच्या काचेत हाच थर असतो. तिला थरांची काच किंवा लॅमिनेटेड काच म्हणतात. गोळी अडविणारी काच ही तिचीच थोरली बहीण होय.

आता गोळीकडे वळू. पिस्तुलाची नऊ मिलिमीटर व्यासाची गोळी वजनाने अवघी आठ ग्रॅम असते. परंतु ती सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने येते. हिशेब केला, तर तिच्या अंगी ६४० ज्यूल ऊर्जा भरते. पासष्ट किलो वजनाचा माणूस जमिनीपासून एक मीटर उंच उचलण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ही आहे. आणि ती सगळी करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर आदळते. लष्करी रायफलीच्या गोळीची ऊर्जा याच्या पाचपट असू शकते. दोन सेंटिमीटर जाडीच्या काचेला ही पिस्तुलाची गोळी थांबवावयाची असेल, तर त्या कामासाठी एका सेकंदाचा सुमारे दहा हजारावा भाग एवढाच अवधी तिला मिळतो.

एवढ्या अवधीत काच जे करते, ते मोठे नवल करण्यासारखे आहे. बाहेरचा काचेचा थर अतिशय कठीण असल्यामुळे त्यावर आदळताच गोळीचे टोक चपटे होते, आणि चपट्या गोळीला आत शिरणे अवघड जाते. हा थर फुटतो; त्याने फुटावे अशीच अपेक्षा असते, कारण फुटण्यात ऊर्जा खर्च होते. मधले चिवट थर ताणले जातात आणि उरलेला धक्का आजूबाजूस पसरवितात. त्यामागे पुन्हा काच, पुन्हा चिवट थर. अगदी आत, माणसाच्या बाजूस, पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचा पत्रा असतो. हा पदार्थ १९५३ साली जर्मनी आणि अमेरिका या दोन देशांत स्वतंत्रपणे शोधला गेला. तो फुटत नाही, नुसता फुगतो, आणि काचेच्या उडालेल्या कपच्या झेलून धरतो. कठीण आणि लवचीक अशा दोन परस्परविरोधी गुणांची ही सांगड आहे. त्यांपैकी एकट्याने हे काम होण्यासारखे नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अशा काचेला दोन तोंडे असतात. काच बाहेर आणि पॉलिकार्बोनेट आत, असाच तिचा क्रम असावा लागतो. ती उलटी बसविली गेली, तर गोळी आधी मऊ पदार्थात शिरते, तिचे टोक शाबूत राहते, आणि सारी रचना व्यर्थ जाते. बसविणाऱ्या कारागिराला बाजू कळावी म्हणून काचेवर खूण करतात. ती खूण न वाचता काच बसविणे म्हणजे दाराला कुलूप बाहेरून लावून आपण आत बसणे होय.

काचेआड बसणे किती भरवशाचे, याचा विचार करताना मुंबईची एक रात्र आठवल्यावाचून राहत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनस या स्थानकात दोन दहशतवादी रायफली घेऊन घुसले. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत बसलेल्या माणसांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. पन्नासहून अधिक माणसे तेथे प्राणास मुकली. त्या वेळी उपनगरी गाड्यांच्या घोषणा करणारे रेल्वेचे कर्मचारी विष्णू झेंडे वरच्या मजल्यावरील आपल्या खोलीत होते. खोलीला समोरून काच होती, कारण फलाट दिसल्यावाचून ते काम करता येत नाही. त्यांना हल्लेखोर दिसले. त्यांनी ध्वनिक्षेपक सोडला नाही. पुढे येऊ नका, मागच्या बाजूने स्थानकाबाहेर पडा, असे ते उतरणाऱ्या उतारूंना पुनःपुन्हा सांगत राहिले आणि शेकडो माणसे त्या आवाजाच्या आधाराने बाहेर पडली. आवाज कोठून येतो हे ध्यानी येताच हल्लेखोरांनी त्या खोलीवरही गोळ्या झाडल्या. त्या खोलीची काच फलाट दिसावा म्हणून होती. गोळी अडविणे हे तिचे काम नव्हते. झेंडे बचावले ते काचेमुळे नव्हे.

त्यानंतर शहरांतून बुलेटप्रूफ हा शब्द फार ऐकू येऊ लागला. वस्तुतः हा शब्द फसवा आहे. कोणतीही गोळी, कितीही वेळा, कोठूनही आली तरी भेदली जाणार नाही, अशी काच अजून झालेली नाही. म्हणून शास्त्रीय लिखाणात गोळीरोधक असा सावध शब्द वापरतात, आणि त्यापुढे लगेच प्रश्न येतो : कोणत्या गोळीला रोधक? किती अंतरावरून? किती गोळ्यांना? या तीन प्रश्नांची उत्तरे नसलेले प्रमाणपत्र केवळ कागद होय.

युरोपातील ई.एन. १०६३ या मानकाने ही उत्तरे कशी बांधून दिली आहेत, ते पाहण्यासारखे आहे. परीक्षेसाठी अर्धा मीटर लांब आणि तेवढ्याच रुंदीचे तुकडे घेतात. एका तुकड्यावर भागत नाही. एकाच बनावटीच्या तीन तुकड्यांनी परीक्षा द्यावी लागते. ते सुमारे १८ अंश तापमानात ठेवलेले असतात. तुकडा चारही बाजूंनी चौकटीत घट्ट धरतात. बंदूक माणसाच्या हाती नसते. ती पक्क्या बैठकीवर जखडलेली असते, म्हणजे हात हलला, नेम चुकला अशी सबब उरत नाही. बंदूक आणि काच यांच्यामध्ये वेग मोजण्याचे यंत्र असते. पिस्तुलाच्या गोळीचा ठरलेला वेग सेकंदाला ४०० मीटर, आणि त्यात दहा मीटरचीच सवलत. गोळी सावकाश गेली, तर परीक्षा सोपी झाली असे समजून तो बार धरीत नाहीत. पिस्तुलासाठी अंतर पाच मीटर, रायफलीसाठी दहा मीटर. तुकड्याच्या मध्यभागी १२० मिलिमीटर बाजूच्या त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन गोळ्या झाडतात. पहिली गोळी झेलणे त्या मानाने सोपे असते. तिसरी गोळी आधीच तडकलेल्या काचेवर येते, आणि खरी कसोटी तीच.

परीक्षेचा सर्वांत नाजूक भाग मात्र काचेच्या मागे असतो. तेथे अर्ध्या मीटरवर ॲल्युमिनियमचा एक वर्ख ताणून बसवितात. त्याची जाडी एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग, मिठाईवरील वर्खाची आठवण व्हावी इतका तो पातळ. गोळी काचेत अडकली, तरी धक्क्याने आतल्या बाजूच्या कपच्या उडू शकतात. कपची उडून वर्खाला भोक पडले, तर त्या भोकातून प्रकाश दिसतो. काच गोळीच्या परीक्षेत उतरते, परंतु तिच्या वर्गापुढे कपच्या उडतात असे अक्षर लिहिले जाते. वर्ख अखंड राहिला, तर कपच्या उडत नाहीत अशी नोंद होते. वर्खाच्या जागी माणसाचे डोळे आहेत अशी कल्पना केली, म्हणजे या एका अक्षराची किंमत कळते. बँकेतील रोखपाल काचेपासून हातभर अंतरावर बसतो. त्याला कोणती काच हवी, हे सांगावयास नको.

या मानकात रायफली आणि पिस्तुले मिळून बीआर १ पासून बीआर ७ पर्यंत सात वर्ग आहेत, आणि छऱ्यांच्या बंदुकीसाठी आणखी दोन. पहिल्या वर्गात २२ बोअरची लहान गोळी. सातव्या वर्गात पोलादी गाभ्याची, चिलखत भेदणारी रायफलीची गोळी. वर्ग चढत जातो तशी जाडी वाढते, आणि जाडीबरोबर वजन. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचे वजन अडीच किलो भरते. सत्तर मिलिमीटर जाडी झाली, तर तेवढेच तावदान १७५ किलोंचे होते. साध्या दरवाजाच्या बिजागऱ्या हे ओझे पेलू शकत नाहीत. म्हणून काच बदलावयाची म्हणजे चौकट, बिजागऱ्या आणि प्रसंगी भिंतसुद्धा बदलावी लागते. काच मजबूत आणि चौकट हलक्या पत्र्याची, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी आढळतो. तेथे गोळीला काच भेदण्याची गरजच उरत नाही.

या तक्त्यात एक उणीव आहे, आणि ती भारतीय ग्राहकाने जाणून घ्यावी अशी आहे. ज्या रायफलीची धास्ती आपल्याकडे सर्वाधिक, त्या एके-४७ ची गोळी ई.एन. १०६३ च्या सात वर्गांत कोठेही नाही. तिची ऊर्जा सहाव्या वर्गातील रायफलीच्या गोळीहून कमी असते, म्हणून सहावा वर्ग घेतला की निश्चिंत झालो, असे कोणी म्हणेल. परंतु केवळ ऊर्जा पाहून भागत नाही; गोळीचा गाभा शिशाचा की पोलादाचा, यावर पुष्कळ अवलंबून असते. युरोपातीलच व्हीपीएएम या संघटनेच्या तक्त्यात या गोळीला स्वतंत्र जागा दिलेली आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०१८ साली गोळीरोधक जाकिटांसाठी आय.एस. १७०५१ हे मानक प्रसिद्ध केले, त्यातही एके-४७ चा स्पष्ट उल्लेख आहे. जाकीट आणि काच या वस्तू भिन्न. तथापि आपल्या देशात कोणती गोळी येण्याचा संभव आहे, हे आपणच ठरवून लिहिले पाहिजे, ही जाणीव दोहोंस सारखीच लागू पडते.

दुसरी गोष्ट तापमानाची. परीक्षा १८ अंशांवर होते. आष्टीत मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारीची काच याहून कितीतरी अधिक तापते. मधले चिवट थर उष्णतेने मऊ पडतात; वर्षानुवर्षे ऊन खाल्ले, तर थरांची पकड सुटू लागते. प्रथम कडेला दुधाळ पट्टा दिसतो, मग बुडबुडे धरतात. अशी काच अजून पारदर्शक असते, परंतु परीक्षेत उतरलेली काच ती नव्हे. म्हणून उष्ण प्रदेशात काच बसविताना जास्त तापमानावर केलेल्या चाचणीची मागणी करणे शहाणपणाचे असते.

सुरक्षा पटलाची कथा थोडी निराळी आहे. पॉलिएस्टरचे पारदर्शक पटल काचेच्या आतल्या बाजूस चिकटवितात. जाडी साधारणपणे १०० ते ३०० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या दीडपटीपासून चौपटीपर्यंत. काचेवर साबणाचे पाणी शिंपडून पटल पसरतात आणि रबरी पट्टीने पाणी निपटून काढतात. गोंद पूर्ण आवळण्यास कित्येक दिवस लागतात. काही विक्रेते या पटलालाही बुलेटप्रूफ म्हणतात. ते साफ खोटे आहे. साध्या काचेवर लावलेल्या पटलातून गोळी आरपार जाते. पटलाचे काम फुटलेली काच धरून ठेवणे हे आहे, आणि ते काम क्षुल्लक नाही. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत जे साखळी बॉम्बस्फोट झाले, त्यांत शेअर बाजार आणि एअर इंडिया यांच्यासारख्या उंच इमारतींना धक्के बसले आणि २५७ माणसे दगावली. अशा स्फोटाची लाट दूरवर पसरते. जेथे भिंत पडत नाही, तेथेही खिडक्या फुटतात आणि तावदानाचे सुरे खोलीभर उडतात. मोठ्या शहरातील स्फोटात जखमी झालेल्यांपैकी पुष्कळांच्या अंगात काचाच रुतलेल्या असतात. तेवढ्या काचा धरून ठेवल्या, तर कित्येकांचे डोळे वाचतात.

पटलाची परीक्षाही याच बेताने घेतात. एका चाचणीत मोटारीची दोन चाके जोडून केलेला ५० किलोंचा लोलक काचेवर सोडतात. धावत येऊन काचेवर आदळणाऱ्या माणसाचा तो प्रतिनिधी. स्फोटाच्या अमेरिकी चाचणीत खिडकीमागे तीन मीटर खोल खोली असते, आणि काचेचे तुकडे कोठे पडले यावरून वर्ग ठरतो. तुकडे खिडकीपाशीच राहिले तर उत्तम. मागच्या भिंतीवर साठ सेंटिमीटरहून उंच जाऊन आदळले तर सर्वांत वाईट. चोरीच्या चाचणीत ४.११ किलो वजनाचा पोलादी गोळा नऊ मीटर उंचीवरून काचेवर टाकतात, एकदा नव्हे तर तीन वेळा. त्याची ऊर्जा साडेतीनशे ज्यूलांहून थोडी अधिक, म्हणजे पिस्तुलाच्या गोळीच्या निम्म्याहून जास्त. पण ती दहा सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्यावर पसरलेली असते आणि सेकंदाला जेमतेम तेरा मीटर वेगाने येते. म्हणूनच जी काच हा गोळा झेलते, ती बंदुकीच्या गोळीपुढे टिकत नाही. याच मानकाच्या वरच्या वर्गांत कुऱ्हाड वापरतात. काचेत चाळीस सेंटिमीटरचे चौकोनी भगदाड पाडण्यास सत्तरांहून अधिक घाव लागले, तर ती सर्वोच्च वर्गात जाते. तेथे काच अभेद्य आहे की नाही, हे कोणी विचारीतच नाही. चोराला किती उशीर होतो, एवढेच मोजतात.

पटलाच्या प्रमाणपत्रात एक खाच असते. चाचणी एकट्या पटलाची होत नाही. अमुक जाडीची काच, अमुक पटल आणि अमुक चौकट या तिघांची मिळून होते. चाचणीच्या वेळी पटलाच्या कडा चौकटीला घट्ट बांधलेल्या असतील, आणि प्रत्यक्षात दुकानदाराने दिसणाऱ्या काचेपुरतेच पटल चिकटवून घेतले असेल, तर धक्का बसताच काच आणि पटल मिळून संबंध तावदान चादरीसारखे आत येऊन पडते. प्रमाणपत्र खरे असते, पण ते या खिडकीचे नसते. शिवाय उन्हाने पटलही जीर्ण होते आणि ठरावीक वर्षांनी ते बदलावेच लागते.

मोटारींच्या काचांवरील पटलाचा प्रश्न तर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काळ्या काचांआड गुन्हे लपतात, या तक्रारीवरून न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी वाहनांच्या काचांवर पटल चिकटविण्यास मनाई केली. समोरच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश आला पाहिजे, असा नियम आहे. पुढे नियमांत काही फेरबदल झाले, तरी प्रकाशाची ही मर्यादा सुटलेली नाही. पोलिसांजवळ हा प्रकाश मोजण्याचे लहानसे यंत्र असते.

भारतात मानकांचे काम १९४७ साली भारतीय मानक संस्थेने सुरू केले. तिचे आय.एस.आय. हे चिन्ह घरोघर ठाऊक आहे. १९८७ पासून हे काम भारतीय मानक ब्यूरोकडे आहे. कडक काच आणि थरांची काच यांसाठी आय.एस. २५५३ हे मानक आहे. त्याचा एक भाग इमारतींसाठी, दुसरा वाहनांसाठी. मानकाचे चिन्ह देताना एकदा नमुना तपासून काम संपत नाही. कारखान्यात स्वतःची प्रयोगशाळा असावी लागते, तेथे वरचेवर काचा फोडून नोंदी ठेवाव्या लागतात, आणि ब्यूरोचे अधिकारी कारखान्यातून व बाजारातून नमुने उचलतात. सुरुवातीस जो प्रश्न उभा राहिला, त्याचे उत्तर या कंटाळवाण्या नोंदवह्यांत आहे. विकलेली काच परीक्षेस बसलेली नसते हे खरे. पण तिच्याच भट्टीतली, तिच्याच हप्त्यातली बहीण फोडून पाहिलेली असते, आणि ते कोणी तरी लिहून ठेवलेले असते.

वाहनांच्या बाबतीत हे काम करणाऱ्या ज्या संस्था केंद्रीय मोटार वाहन नियमांत नमूद आहेत, त्यांपैकी दोन आष्टीहून फार लांब नाहीत. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झाली. दुसरी तर शेजारच्याच अहिल्यानगरात आहे : संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था. आष्टीहून निघालेली आगगाडी ज्या शहरी जाते, त्याच शहराजवळच्या चाचणी मार्गांवर लष्करी आणि नागरी वाहने घाटाचे चढ, खाचखळगे आणि चिखल यांतून दामटून पाहिली जातात.

आष्टीच्या एखाद्या सराफाने दुकानाला मजबूत काच बसवावयाचे मनात आणले, तर त्याने विक्रेत्याकडून काय जाणून घ्यावे? काचेच्या कोपऱ्यात कोरलेले चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक आधी पाहावा. ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो क्रमांक खरा की खोटा हे लगेच कळते. मग चाचणीचा संपूर्ण अहवाल मागावा, केवळ पहिले पान नव्हे. त्यात काचेची जाडी, थरांचा क्रम आणि चौकटीचा प्रकार लिहिलेला असतो. तो आपल्या मागणीपत्राशी ताडून पाहावा. विक्रेत्याने बुलेटप्रूफ असा शब्द उच्चारला, तर कोणत्या गोळीला, असे विचारावे. बहुधा असे दिसून येईल, की त्या दुकानाला भीती रायफलीची नसून रात्री अडीच वाजता फेकल्या जाणाऱ्या दगडाची आणि पहारीची आहे. त्यासाठी बीआर सहाची दीड-दोनशे किलोंची काच नको. पोलादी गोळ्याच्या तीन आघातांना पुरून उरलेली थरांची काच आणि तिला चारही कडांनी धरणारी भक्कम चौकट पुरेशी होते. काच आली, की बसविण्यापूर्वी तिच्या एका कडेवर बोट फिरवून थर मोजता येतात. चौकटीत गेल्यावर ती सोय राहत नाही.